दोन मिनिटांचं काम

दर वर्षी फेब्रुवारी संपत आला की माझा फोन वाजतो. पलीकडून ओळखीचा, मायेचा आवाज. "अगं, आठ मार्चचं पोस्टर हवंय. मजकूर पाठवलाय बघ. तुझं काय, दोन मिनिटांचं काम!"

मैत्रिणींनो, आज त्या दोन मिनिटांचा हिशेब मांडायला बसले आहे.

मजकूर येतो साडेतीनशे शब्दांचा. रस्त्यात उभं राहून एवढं कोणी वाचत नाही, हे पटवण्यात एक दुपार जाते. त्यातले चाळीस शब्द निवडण्यात एक संध्याकाळ, कारण प्रत्येक शब्दामागे एकेक कार्यकर्ती उभी असते. सोबतचा फोटो दहा मोबाइलांतून फिरून आलेला. १८ बाय २३ इंचांच्या कागदावर छापला तर चेहऱ्यांचे चौकोनी ठिपके होतात. म्हणून चित्र काढायचं. चित्र काढलं की "बाई जरा हसरी कर." हसरी केली की "फारच खूश दिसते." मग छापखान्याचा निरोप, "फॉन्ट कर्व्ह करून पाठवा." कर्व्ह केल्यावर 'कार्यकर्त्या'तला एखादा रफार घसरून शेजारच्या अक्षरावर बसलेला असतो. तो डोळ्यांत तेल घालून शोधायचा. रात्री साडेदहाला कळतं की प्रमुख पाहुण्या बदलल्या. असे चार दिवस जातात. पाचव्या दिवशी पोस्टर भिंतीवर लागतं, सगळ्याजणी वा म्हणतात, आणि पैशांचा विषय निघालाच तर कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवते. "तू तर आपलीच."

हा फोन एखाद्या कंपनीकडून आला असता तर मी हा लेख लिहिला नसता. कंपनी घासाघीस करते, बिल तीन महिने अडकवते, पण काम झालं म्हणजे दाम द्यायचा असतो एवढं तिला ठाऊक असतं. माझं भांडण घरातल्यांशी आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं हे सगळं श्रम आहेत आणि त्यांना मोल आहे, हे मला ज्यांनी शिकवलं त्याच शिबिरांतल्या ताया मला 'दोन मिनिटं' म्हणतात. म्हणून बोलायचं आहे.

हे काम मला येतं कसं, तेही ऐका. १९९३ साली कमर्शियल आर्टची पदविका घेऊन मी एका छापखान्यात लागले. तेव्हा ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून रबर सोल्युशनने चिकटवत असू. ओळ तिरकी गेली तर अलगद उचलून पुन्हा. दोन वर्षांत तिथे संगणक आले. टायपिंगला मुली आणि डिझाइनला मुलगे, अशी वाटणी कोणी न ठरवता होऊन गेली. दोघं त्याच पेजमेकरवर, त्याच कोरलड्रॉवर बसत. मुलींना म्हणत ऑपरेटर, मुलांना म्हणत आर्टिस्ट. पगारातलं अंतर त्या दोन शब्दांएवढं होतं. माझ्याकडे पदविका असूनही मला बसवलं टायपिंगला, कारण "तुमचं शुद्धलेखन चांगलं." आर्टिस्ट चहाला गेले की त्यांच्या खुर्चीत बसून मी कोरलड्रॉ शिकले. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत.

पुढे लग्न, मूल, मग घरातच एक टेबल आणि एक संगणक. मूल झोपलं की शिकायचं. मराठीत काम करणाऱ्यांना एकदा शिकून भागत नाही. प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळ्या सांकेतिक रचनेचा. एकात टाइप केलेली पानं दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा. युनिकोड आलं तेव्हा वाटलं, सुटलो. तर पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची मराठी कळेना. पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. प्रत्येक वेळी नवी युक्ती, पुन्हा रात्रीची जागरणं. आता तर बरीचशी नावाजलेली सॉफ्टवेअर विकत मिळतच नाहीत, महिन्याच्या भाड्याने घ्यावी लागतात. भाडं माझं, वीज माझी, मानेचा पट्टाही माझा.

आणि हे सगळं ऐकून घेऊन आपण काय म्हणतो? "तुझा हात चांगला आहे." जशी एखादीच्या हाताला चव असते तसा माझ्या हाताला डिझाइनचा गुण! बाईचं कौशल्य हे नेहमी देणगी असतं. ते शिकलेलं नसतं, कमावलेलं नसतं, त्यावर वर्षं घातलेली नसतात. आणि देवाने फुकट दिलेल्या गोष्टीचे पैसे मागणारी बाई म्हणजे हावरट.

हा खेळ जुना आहे. वारली चित्रांचंच पाहा. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. पिढ्यान्‌पिढ्या तो बायकांनी लिहिला. एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले, चित्रं भिंतीवरून कागदावर आली, आणि जगाला नाव कळलं ते जिव्या सोमा मशे यांचं. मशे थोर चित्रकार होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच. माझा प्रश्न त्यांना नाही. भिंतीवर होती तोवर जी रीत होती ती कागदावर येताच कला कशी झाली, आणि त्याच वेळी बाईच्या हातून सुटून पुरुषाच्या हातात कशी गेली, हा माझा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, बाजार आला की असं व्हायचंच. नाही. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६ च्या दुष्काळात, बिहारमध्ये मिथिलेला गेले होते. तिथे कागद बायकांच्या हातात पडला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं त्यातून पुढे आली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे कागद कोणाच्या हातात द्यायचा, हे माणसंच ठरवतात. आज त्या कागदाच्या जागी संगणक आहे. तो कोणाच्या हातात द्यायचा, हे आपण ठरवणार आहोत.

आता माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांना बोल लावते असं व्हायला नको.

२०१८ साली एका संस्थेने मला सोलापुरात बोलावलं. विडी कामगार बायकांच्या वस्तीत अंगणवाडीची लांब भिंत होती. 'महिला सक्षमीकरण' या विषयावर 'लोकसहभागातून' चित्र रंगवायचं होतं. मी पुण्यात बसून, इलस्ट्रेटरवर, मोठ्या हौसेने डिझाइन केलं. मोकळ्या केसांची बाई, पाठीला पंख, मागे उगवता सूर्य. रेघा मी मारायच्या, बायकांनी आत रंग भरायचे, असा बेत. छापील कागद घेऊन वस्तीत गेले. बायका दारात विड्या वळत बसल्या होत्या. तेलुगू घरातल्या एका आजींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही कोण हाय?"

म्हटलं, "तुम्हीच आहात. सक्षम झालेल्या."

आजी हसल्या. "केस मोकळे सोडून बसली तर तंबाखू जाईल की केसात. आन् सूप कुठाय हिचं? पंख हायेत, सूप नाही. मग ही खाते काय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण कानशिलं तापली होती. माझ्या चित्रातल्या बाईला मांडीच नव्हती, तर सूप ठेवणार कुठे? तिला काम नव्हतं. आम्ही शहरातल्या चित्रकर्त्या गेली कित्येक वर्षं याच दोन बाया काढत आलो आहोत: एक रडणारी, एक उडणारी. कामाला बसलेली बाई आम्हाला काढताच येत नाही.

राजस्थानातल्या बायकांनी हे आम्हाला कधीच सांगून ठेवलं होतं. खेड्यापाड्यांतल्या ७५ जणींनी मिळून घडवलेलं 'शरीर की जानकारी' हे पुस्तक 'काली फॉर विमेन'ने १९८९ साली काढलं. त्याच्या कच्च्या प्रतीत उघड्या शरीराची चित्रं होती. गावातल्या बायका म्हणाल्या, अशी उघडी बाई आमच्याकडे दिसते कुठे? मग तोडगा निघाला: चित्रातली बाई नेहमीच्या कपड्यांत, आणि कागदाची घडी उचलली की आतलं शरीर. कुठल्याही कला महाविद्यालयात मी याहून चांगलं डिझाइन शिकले नाही. मी ती गोष्ट व्याख्यानांत सांगत होते आणि सोलापूरला जाताना पंखांची बाई घेऊन गेले होते!

कागद गुंडाळून ठेवला. दोन दिवस बायकांजवळ बसून राहिले. भिजवलेलं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. डोळे टीव्हीवर, बोटं सुपात. मग त्यांना कागद-पेन्सिली दिल्या. सुपं, दोरे, विड्यांचे जुडगे, कारखान्यात मोजणी करणारा माणूस (तो सगळ्यांनी खूप मोठा काढला), नळावरची भांडी. संध्याकाळी अंगणवाडीत लॅपटॉप उघडला. मुद्दाम इंकस्केप नेलं होतं, कारण ते फुकट मिळतं आणि मी गेल्यावरही त्यांच्याजवळ राहू शकतं. चित्रांचे फोटो काढून त्यावरून रेघ कशी ओढायची ते दाखवलं. आम्हाला शिकताना महिने लागले होते ते पेनचं साधन: बिंदू ठेवायचा, ओढायचा, वळण द्यायचं. दहावी झालेल्या एका सुनेने अर्ध्या तासात पान गिरवलं. म्हणाली, "हा फर्माच की. एकदा केला की कितीबी कापा." सॉफ्टवेअरचं मर्म इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकांना तंत्र कळत नाही म्हणून त्यांच्या हाती ब्रश द्यायचा आणि माऊस आपल्या हाती ठेवायचा, ही आमची सोय आहे. अडाणीपणा त्यांचा नव्हे.

भिंत सुंदर झाली. भांडण झालं ते दोन गोष्टींवरून.

पहिली मजुरीची. अंदाजपत्रकात रंग होते, परात्या होत्या, माझं मानधन होतं (बेताचं, पण होतं), फोटोग्राफर होता, उद्‌घाटनाचे हार-नारळ होते. रंगवणाऱ्या बायकांच्या नावापुढे शून्य. कारण त्यांचा 'सहभाग' होता. विडीची मजुरी हजारावर मिळते. पाच दिवस भिंतीवर म्हणजे तेवढ्या हजार विड्या बुडाल्या. हे मी संस्थेच्या बैठकीत बोलले, तर उत्तर मिळालं, "पैसे दिले तर त्यांची आपुलकी राहणार नाही." फोटोग्राफरची आपुलकी कशी टिकली, हे मी विचारलं. उत्तर आलं नाही. शेवटी तीन दिवसांचे पैसे निघाले. ते चहापाण्याच्या खात्यातून.

दुसरी नावांची. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात संस्थेचं आणि पैसे देणाऱ्या कंपनीचं बोधचिन्ह किती इंचांचं असावं, भोवती किती जागा मोकळी सोडावी, याचं दोन पानी पत्रक आलं होतं. बावीस बायकांच्या नावांना मात्र जागा नव्हती. "यादी वाटेल, चित्र बिघडेल." आजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर भिंतीच्या खालच्या काठाला, ज्या पांढऱ्या दोऱ्याने विड्या बांधल्यासारखी किनार काढली होती, त्या दोऱ्यातच बावीस नावं ओवलेली. लिहिता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांची लिहिली होती. ती पुसा म्हणण्याची हिंमत कोणालाच झाली नाही.

निघताना आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या हापिसात?" म्हटलं, घरीच काम करते. "मोजून देतात का?" म्हटलं, प्रत्येक डिझाइनचे. "नापसंत झालं तर?" म्हटलं, त्याचे नाही मिळत. आजी म्हणाल्या, "मग तुमचंबी आमच्यावानीच की. चांगल्या विड्या मोजून घेतो, बाकीच्या फेकतो, पान-तंबाखू आमच्या अंगावर."

त्या वाक्याने माझी झोप उडवली. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. त्यासाठी बायका वर्षानुवर्षं मोर्च्यांत चालल्या, झगडल्या, आणि कायदा झाल्यावरही झगडत राहिल्या. आणि आम्ही शिकलेल्या, संगणकवाल्या, अजून 'घरबसल्या चार पैसे' या शब्दांत खूश आहोत! घरबसल्या, सहभाग, हात चांगला, आपलीच, दोन मिनिटं. मजुरी बुडवायला मराठीत शब्दांची कमी नाही.

आता आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत.

"चळवळीत नाव कशाला? आम्ही कोणीच नावासाठी काम केलं नाही." मान्य. 'जुबान'ने २००६ साली 'पोस्टर विमेन' या प्रकल्पात देशभरातल्या स्त्री-चळवळीची शेकडो पोस्टरं जमवली. अनेकांवर चित्र काढणारीचं नाव नाही. काहींनी ते विचारपूर्वक ठेवलं नसेल. सगळ्यांचं म्हणून केलं असेल. त्या त्यागाला मी हात जोडते. पण त्याग करायला आधी हातात काही असावं लागतं. जिला विचारलंच नाही तिचा त्याग कसला? आणि पत्रकाखाली अध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुण्या, सौजन्य ही नावं छापताना 'आम्ही नावासाठी काम करत नाही' हे कसं आठवत नाही? कायदासुद्धा आपल्यापेक्षा पुढे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की काम विकल्यावरही, हक्क दुसऱ्याला दिल्यावरही, 'हे मी केलं' असं म्हणण्याचा कर्त्याचा हक्क उरतो.

"संस्थेकडे पैसे नसतात." मांडववाल्याला मिळतात. माईकवाल्याला मिळतात. छापखान्याला तर आगाऊ मिळतात. पैसे नसतात ते फक्त 'ताई' म्हटलं की थांबणाऱ्या बायकांसाठी. खरोखरच पैसे नसतील तर तसं सरळ सांगा. मी फुकट काम केलं आहे, पुढेही करेन. पण ते मी ठरवेन, आणि जमाखर्चात माझ्या नावावर तेवढ्या रकमेची देणगी लिहिली जाईल.

"आता मशीनच करून देतं." हा सगळ्यात ताजा. दोन ओळी लिहिल्या की चित्र हजर. मी करून पाहिलं आहे. कष्टकरी भारतीय बाई मागितली, तर मला मिळाली गोरी, नाकात मोठी नथ, दागिन्यांनी मढलेली, शेतात उभी. पोस्टरवरची मराठी अक्षरं तर अशी की वाचून रडावं की हसावं कळेना. उद्या ती यंत्रं सुधारतील, अक्षरंही नीट काढतील. तरी सूप कुठे आहे, हे विचारायला आजी लागतील, आणि विचारल्यावर कागद गुंडाळून ठेवणारी कोणी लागेल. शिवाय ती यंत्रं शिकली कोणाच्या चित्रांवर? ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांच्याच. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची रांग आणखी लांबली, एवढंच.

मागण्या साध्या आहेत. कार्यक्रमाचं अंदाजपत्रक होताना डिझाइनची ओळ मांडवाच्या ओळीच्या वर लिहा. काम करणारीचं नाव कामावर छापा, तिला नको असेल तरच गाळा. भिंत रंगवणाऱ्या बायकांना बुडालेल्या मजुरीइतके पैसे द्या, आणि ते चहापाण्याच्या खात्यातून देऊ नका. वस्तीत रंगांचे डबे न्याल तेव्हा एक संगणकही न्या, आणि परत आणू नका.

आणि एक कबुली. माझ्याकडे टायपिंगला येणाऱ्या मुलीला मी परवा म्हणाले, "एवढं एक पान करून जा ना, दोन मिनिटांचं काम." म्हटल्यावर जीभ चावली. तिचे त्या पानाचे पैसे दिले, पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. म्हणजे हा रोग माझ्या घरातही आहे.

या वर्षी फोन आला तेव्हा मी दर सांगितला. पलीकडे शांतता. मग "बरं, बघते." वीस वर्षांची मैत्रीण आहे ती. माझ्या बाळंतपणात तिने डबे पोचवले आहेत. त्यानंतर तिचा फोन नाही. पोस्टर मात्र वेळेवर लागलं. चांगलं होतं. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुठल्याशा मुलीने 'दोन मिनिटांत' करून दिलं म्हणे. मी भिंतीजवळ जाऊन खालचा कोपरा पाहिला. तिचं नाव नव्हतं. तिला मी ओळखत नाही, पण हा लेख तिच्यासाठी आहे, आणि मैत्रिणीसाठीही. बाई, तू फोन कर. भांडूया.

आणि तुम्ही, हा अंक हातात धरून बसलेल्या मैत्रिणींनो, वाचून झालं असेल तर जरा मुखपृष्ठाकडे वळा. ते कोणी केलं आहे, शोधा. नाव सापडलं नाही तर संपादकांना पत्र लिहा. त्याला मात्र खरंच दोनच मिनिटं लागतात.